कांचेंतला समुद्र आणि त्यांतलें शेवाळ

शेवाळ हा आपल्या भाषेंतला फार ढिला शब्द आहे. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरला तर दोष शेवाळाचा. श्रावणांत परसांतल्या भिंतीवर हिरवी मखमल चढली तर तेंहि शेवाळ. देवळापुढच्या तळ्यांत तंतू तरंगूं लागले तर तेंहि शेवाळ. आणि ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावर तपकिरी पाला वाहून आला तर त्यासहि आपण त्याच नांवानें हांक मारून मोकळे होतों. वस्तुतः भिंतीवरची ती मखमल बहुधा मॉस नांवाच्या निराळ्याच कुळांतली वनस्पति असते. अमरसिंहानें आपल्या कोशांत शैवलास 'जलनीली' हें एक गोड नांव दिलें आहे. परंतु पाण्यास रंग चढविणारें जें जें कांहीं, तें तें सर्व त्या नांवाच्या पोटांत मावतें.

खराटा घेऊन पायरी घासणाऱ्यास या भेदाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. शेवाळ कोणत्याहि कुळांतलें असो, खराट्यापुढें सर्व सारखेंच. पण आपल्यांतील कित्येक कुटुंबांच्या घरांत, विशेषतः परदेशीं राहणाऱ्या मुलांच्या घरांत, आतां अशी एक वस्तु आली आहे कीं जेथें नांव चुकलें तर उपाय चुकतो आणि उपाय चुकला तर जीव जातात. ती वस्तु म्हणजे खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची कांचेची टांकी.

साध्या मत्स्यालयांत गोडें पाणी, चार रंगीत मासे आणि दोन हिरवीं रोपें असतात. प्रवाळांच्या टांकीचें तसें नाहीं. तेथें शुद्ध पाण्यांत मीठ मोजून घालून, दर हजार भागांत सुमारें पस्तीस भाग क्षार असें समुद्रासारखें पाणी करावें लागतें. उष्णता पंचवीस-सव्वीस अंशांवर स्थिर ठेवावी लागते. लाटेचें काम पंप करतात आणि सूर्याचें काम निळसर दिवे. आंत खडक, वाळू, मासे, शंखवाल्या गोगलगाई, खेकडे आणि मुख्य मानकरी म्हणजे प्रवाळ. एवढा समुद्र दिवाणखान्याच्या भिंतीला टेकून उभा करावयाचा म्हणजे खर्च आणि श्रम दोन्ही आले. प्रसंगानें येथेंच सांगून ठेवतों कीं आपल्या देशांत प्रवाळांस १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. मालवणास सहलीला गेलों असतां समुद्रांतून पोवळ्याचा एक तुकडा नातवंडांसाठीं उचलून आणला, हेंहि चालत नाहीं.

आतां अशा टांकींत शेवाळ मुळींच नसावें, असें जर कोणास वाटत असेल तर तो भ्रम आहे. प्रवाळाचा देहच शेवाळावर जगतो. त्याच्या पेशींत अतिसूक्ष्म जीव राहतात. ते प्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करतात आणि त्यांतला मोठा वाटा यजमानास देतात. समुद्र फार तापला म्हणजे हे भाडेकरू निघून जातात व प्रवाळ पांढरें पडतें, हें वर्तमानपत्रांतून वाचकांनीं वाचलेंच असेल. तसेंच खडकावर व कांचेवर गुलाबी-जांभळा, दगडासारखा कठीण थर चढतो. तेंहि शेवाळच, पण चुना साठविणारें. तें टांकी निरोगी असल्याचें लक्षण मानतात. नवशिका मनुष्य पुष्कळदां हाच थर खरवडून काढतो आणि खऱ्या शत्रूस कोपऱ्यांत वाढूं देतो.

उपद्रवी शेवाळांत अत्यंत फसवा रंग म्हणजे तपकिरी. आमचा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथें असतो. त्याच्या घरीं तीनएकशें लिटरची अशी टांकी आहे. तिची हकीकत त्यानें छायाचित्रांसह आम्हांस सविस्तर कळविली आणि लिहिण्याची परवानगीहि दिली. टांकी मांडून तीन आठवडे झाले असतां पांढऱ्या वाळूवर तपकिरी धूळ बसूं लागली. दुकानदार म्हणाला, नव्या टांकीला हें व्हावयाचेंच, कांहीं करूं नका. त्यानें कांहीं केलें नाहीं आणि महिन्याभरांत ती धूळ आपोआप गेली. येथवर सर्व यथास्थित झालें. ती धूळ डायटम नांवाच्या जीवांची होती. डायटम हा एकपेशीय जीव स्वतःभोंवतीं सिलिकेचें, म्हणजे एका प्रकारें कांचेचेंच, डबीसारखें दोन झांकणांचें घर बांधतो. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थ 'दोन भागांत कापलेला' असा होतो. नव्या वाळूंतून, नव्या खडकांतून किंवा नळाच्या पाण्यांतून येणारी सिलिका संपली कीं त्याचें बांधकाम थांबतें. म्हणून या टांकींत नळाचें पाणी न घालतां गाळून क्षाररहित केलेलें पाणी घालतात. डायटमचा थर बोटानें पुसला तरी धुरळ्यासारखा उडतो, त्यास तार येत नाहीं, आणि गोगलगाई तो आनंदानें चरतात.

पांचव्या महिन्यांत वाळूवर पुनः तपकिरी रंग दिसूं लागला. रंग तोच, वाळू तीच. तेव्हां पाहुणाहि तोच, असें त्यानें धरलें. पहिल्या खेपेस वाट पाहून काम झालें होतें, म्हणून पंधरा दिवस वाट पाहिली. थर वाढतच गेला. मग त्यानें ठरविलें कीं पाणी अस्वच्छ झालें असावें. माशांचें अन्न निम्म्यावर आणलें, आठवड्यास दोनदां पाणी बदललें, फॉस्फेट शोषून घेणारे लोखंडाचे कण गाळणींत घातले. पाणी तपासण्याच्या पेटींत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. कागदावर पाहिलें तर पाणी आदर्श. टांकींत पाहिलें तर खडकांवरून शेंबडासारख्या तपकिरी तारा लोंबत आहेत आणि प्रत्येक तारेच्या टोकाशीं हवेचा एक बुडबुडा आहे. सहाव्या आठवड्यांत गोगलगाई उताण्या पडूं लागल्या. बारांपैकीं नऊ मेल्या. दोन प्रवाळ कडेनें उघडे पडले.

त्याच्या घरीं त्याची आई असते. पहाटे चारला उठून स्नान, स्तोत्रें आणि मग चहा असा तिचा क्रम. ती दोन-तीनदां म्हणाली, "अरे, सकाळीं मी दिवा लावतें तेव्हां वाळू पांढरी असते रे. तुझ्या दुपारच्या जेवणापर्यंत पुनः तपकिरी होते." त्याचें उत्तर ठरलेलें: "आई, तें दिव्याच्या उजेडामुळें तुला तसें दिसतें." आमच्या मतें त्या सबंध घरांत टांकीकडे नीट पाहणारें माणूस तें एकटेंच होतें. कारण तिनें जें पाहिलें तेंच या दुसऱ्या तपकिरी जीवाचें मुख्य लक्षण आहे. हा जीव डायटम नव्हे. याचें नांव डायनोफ्लॅजेलेट. शब्द अर्धा ग्रीक आणि अर्धा लॅटिन आहे. गरगर फिरणारा, चाबूकधारी, असा त्याचा अर्थ. त्यास दोन बारीक चाबूक असतात आणि त्यांच्या जोरावर तो पोहतो. याच्या कित्येक जाति दिवे मालवल्यावर वाळू सोडून पाण्यांत पसरतात आणि दिवे लागल्यावर पुनः खालीं येऊन जाळें विणतात. म्हणून पहाटे वाळू पांढरी. डायटमचा थर रात्रींतून असा नाहींसा होत नाहीं.

यांतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रवाळाच्या पेशींत राहून त्यास पोसणारे जे जीव आम्हीं वर सांगितले, तेहि याच डायनोफ्लॅजेलेट वर्गांतले. पोसणारा आणि मारणारा एकाच गोत्राचे. तेव्हां केवळ गोत्र सांगूनहि भागत नाहीं, व्यक्ति ओळखावी लागते.

ओळखावें कसें? एक कसोटी अगदीं घरगुती आहे. नळीनें थोडा तपकिरी पदार्थ टांकीच्याच पाण्यासह एका बाटलींत ओढून घ्यावा. बाटली जोरानें हलवून सर्व गुठळ्या मोडाव्यात. मग तें पाणी कॉफी गाळण्याच्या कागदांतून गाळावें. खालीं पडलेलें पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल. तें पेल्यांत घालून तासभर उजेडांत ठेवावें. जर त्यांत पुनः तपकिरी तारा व पुंजके जमूं लागले तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट समजावेत. कारण कागदाच्या छिद्रांतून सुटलेले हे चाबूकधारी पोहत पोहत एकमेकांस शोधून पुनः चिकटतात. डायटम अथवा साधा गाळ असा स्वतः होऊन एकत्र बांधला जात नाहीं.

दुसरी कसोटी सूक्ष्मदर्शक यंत्राची. यासाठीं महाविद्यालयांतलें यंत्र नको. मुलांना वाढदिवसास देतात तें चारशेंपट मोठें दाखविणारें यंत्र पुरतें. आमच्या विद्यार्थ्याच्या मुलीकडे तें होतें. तिनें एक थेंब कांचपट्टीवर घेऊन पाहिला आणि कागदावर चित्र काढलें: लिंबाच्या बीसारखे दाणे, एका टोकाला टोकदार, आणि प्रत्येक दाणा जणूं खुंटीला बांधल्याप्रमाणें टोकाभोंवतीं गरगर फिरणारा. हें ऑस्ट्रिऑप्सिस जातीचें अचूक वर्णन आहे. डायटम असते तर होडीसारखे अथवा काडीसारखे, कांचेसारख्या कडा असलेले दिसले असते आणि सावकाश सरकले असते किंवा स्वस्थ पडून राहिले असते. गरगर फिरले नसते. ॲम्फिडिनियम नांवाची आणखी एक जाति असते. ती अंडाकृति असून तिला एका बाजूस लहानसें चोंचीसारखें डोकें असतें. तिच्यांतील मोठ्या आकाराचे जीव रात्रींहि पाणी न धरतां वाळूंतच मुक्काम करतात. हा भेद केवळ पंडितांचा नव्हे. पाण्यांत येणाऱ्या ऑस्ट्रिऑप्सिसवर अतिनील किरणांच्या दिव्याचा उपाय चालतो, कारण पाणी त्या दिव्यापुढून फिरवितां येतें. वाळूंत दडून बसणाऱ्यावर तो दिवा रात्रंदिवस जाळला तरी व्यर्थ.

आतां मुख्य गोष्ट. डायनोफ्लॅजेलेटचा उपद्रव बहुधा त्याच टांकींत माजतो कीं जेथें पाणी अतिशय स्वच्छ आहे. नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर गेले म्हणजे त्याच्याशीं स्पर्धा करणारे इतर सूक्ष्म जीव उपाशी मरतात आणि मोकळें रान यास मिळतें. यास्तव अनुभवी हौशी मंडळींचा उपाय अगदीं उलटा असतो: पाणी बदलणें थांबवावें, फॉस्फेट शोषणारे कण काढून टाकावेत, माशांना पोटभर खाऊं द्यावें, जरूर तर नायट्रेट व फॉस्फेट मोजून घालावेत. नायट्रेट लिटरमागें पांच ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम यांच्या आसपास ठेवावें असें ते सांगतात. त्याच्या जोडीला तीन दिवस दिवे बंद ठेवतात. वाळूंतल्या ॲम्फिडिनियमसाठीं तर मुद्दाम सिलिका घालून डायटम वाढवितात, म्हणजे जो पहिल्या महिन्यांत नकोसा पाहुणा होता त्यासच पांचव्या महिन्यांत रखवालदार म्हणून नेमतात. आमच्या विद्यार्थ्यानें सहा आठवडे जें जें केलें तें तें सर्व डायटमच्या अथवा हिरव्या शेवाळाच्या मानानें ठीक होतें. ऑस्ट्रिऑप्सिसच्या मानानें त्यानें शत्रूस रोज रसद पोंचविली. मुलीचें चित्र हातीं आल्यावर त्यानें रीत पालटली. दोन महिने लागले. तिसऱ्या प्रवाळास कांहीं झालें नाहीं. पहिलीं दोन गेलीं तीं गेलीं.

गोगलगाई कां मेल्या, याचें उत्तर त्यांच्या चरण्यांतच आहे. ऑस्ट्रिऑप्सिसच्या कांहीं जाति पॅलिटॉक्सिन या अत्यंत उग्र विषाच्या वर्गांतील विषें तयार करतात. २००५ सालच्या उन्हाळ्यांत इटलींत जिनोआच्या किनाऱ्यावर या जीवाची वाढ झाली असतां समुद्रांत न उतरतां केवळ वाऱ्यावर फिरावयास आलेल्या लोकांनाहि ताप, खोकला व श्वासाचा त्रास झाला. सुमारें दोनशें लोकांस वैद्यकीय मदत घ्यावी लागली. म्हणून टांकींत असा संशय आला तर हातमोजे घालावेत, खडक बाहेर काढून हवेंत घासूं नयेत आणि त्यावर कढत पाणी तर मुळींच ओतूं नये. वाफेबरोबर काय वर येईल याचा नेम नाहीं.

तपकिरीहून तांबड्याकडे वळूं. खडकाच्या आडोशाला, जेथें पाण्याचा ओघ मंद असतो तेथें, कधीं कधीं लाल-जांभळी मखमली चादर पसरते. तिच्याखालीं बुडबुडे अडकतात. नळी लावली तर ती चादर सालीसारखी एकसंध निघून येते आणि नाकाशीं नेली तर कुबट वास येतो. यास सर्व लोक 'तांबडें शेवाळ' म्हणतात. पण हें शेवाळच नव्हे. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जीवाणु. ग्रीक 'कायानोस' म्हणजे गडद निळा. तेव्हां अमरसिंहाचें जलनीली हें नांव शब्दशः यांनाच शोभतें, फक्त टांकींत ते लाल दिसतात एवढाच विनोद. तांबड्या समुद्रास त्याचें नांव यांच्याच एका भाईबंदामुळें पडलें असें कित्येकांचें मत आहे. यांस हलके समजूं नये. सुमारें अडीच अब्ज वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या हवेंत प्राणवायु प्रथम यांनीं भरला. आपण जो श्वास घेतों त्याचें ऋण यांच्याकडे आहे. यांच्यांतील कांहीं जाति विरलेला नत्रवायु स्वतःच पकडूं शकतात. म्हणून पाण्यांतील नायट्रेट शून्य केलें तरी त्या उपाशी मरतीलच असें नाहीं.

ते जीवाणु असल्यामुळें एरिथ्रोमायसिन या औषधानें मरतात, आणि येथेंच पुष्कळांचा मोह होतो. औषध टाकलें, दोन दिवसांत वाळू स्वच्छ! परंतु गाळणींत राहून माशांच्या विष्ठेचें विष पचविणारेहि जीवाणुच आहेत. त्यांनाहि तें औषध भोंवूं शकतें. शिवाय एवढी चादर एकदम मेली म्हणजे ती सडते, पाण्यांतला प्राणवायु खाते, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडें उघडून येतात. आमचें मत असें कीं प्रथम पंपाचें तोंड वळवून त्या आडोशांत ओघ न्यावा, चादर रोज नळीनें ओढून काढावी, अन्नाचे कण जेथें सांचतात ती जागा मोकळी करावी. औषध शेवटीं, आणि तेंहि हवेचा पुरवठा दुप्पट करून.

हिरव्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं, कारण तेथें डोळा सहसा फसत नाहीं. फसतो तो एकाच ठिकाणीं. केसांसारखें मऊ, लांब, साधें हिरवें शेवाळ असतें; तें चिमट्यानें उपटतां येतें, गोगलगाई व शल्यमासे तें खातात, आणि फॉस्फेट कमी झालें कीं तें ओसरतें. येथें एक खबरदारी घ्यावी. पाणी तपासलें असतां फॉस्फेट शून्य दिसतें म्हणून टांकींत फॉस्फेट नाहीं असें समजूं नये. दाट शेवाळ जेवढें फॉस्फेट येईल तेवढें गिळत असतें, म्हणून पेटीस कांहीं सांपडत नाहीं. ताट रिकामें दिसलें तर अन्न आलेंच नाहीं असें होत नाहीं. जेवणारा बसलेला आहे हेंहि पाहिलें पाहिजे. याच्यासारखेंच दिसणारें दुसरें शेवाळ म्हणजे ब्रायॉप्सिस, ग्रीक अर्थानें 'मॉससारखें दिसणारें'. भिंगांतून पाहिलें तर त्याच्या मुख्य देठास दोन्ही बाजूंनीं बारीक फांद्या असतात व सबंध आकार पिसासारखा अथवा नेच्यासारखा दिसतो. हें बहुतेक गोगलगाई चाखून सोडून देतात आणि पाणी कितीहि शुद्ध केलें तरी तें हटत नाहीं. ज्यानें पिसें व केस यांतील फरक पाहिला नाहीं तो महिनेंमहिने माशांना उपाशी ठेवतो. माणसांच्या बुरशीजन्य रोगांवर देतात तें फ्लुकोनाझोल नांवाचें औषध याच्यावर चालतें असा पुष्कळ हौशी लोकांचा अनुभव आहे.

खडकाच्या सांदींत हिरव्या पाचूसारखे चकचकीत मणी दिसले तर ती व्हॅलोनिया. मुलांना ते फार आवडतात, आणि खरोखर ती वस्तु आश्चर्याचीच आहे: बोराएवढा तो सबंध मणी ही एकच पेशी असते. तो न फोडतां मुळाशीं नखानें सैल करून अलगद काढावा.

एकच पेशी, पण बोराएवढी नव्हे तर हातभर पसरलेली, असें आणखी एक शेवाळ आहे, आणि त्याची गोष्ट टांकीच्या बाहेर गेलेली आहे. कॉलर्पा हें त्याचें नांव. ग्रीकमध्यें 'काउलोस' म्हणजे देठ आणि 'हेर्पो' म्हणजे सरपटणें. आपल्या सृप् धातूचाच तो भाऊ आहे, जो आपणांस सर्प या शब्दांत रोज भेटतो. सरपटणाऱ्या देठांतून पिसांसारखीं हिरवींगार पानें वर येतात. दिसावयास इतकें देखणें कीं मत्स्यालयवाले तें मुद्दाम लावीत. कोकणच्या खडकांवरहि या वंशाच्या जाति आढळतात आणि तेथें त्या आपल्या जागीं मर्यादेनें राहतात. परंतु जर्मनींत स्टुटगार्टच्या मत्स्यालयांत कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक थंडी सोसणारा, चिवट वाण वाढला आणि तो तेथून इतर मत्स्यालयांत गेला. १९८४ सालीं मोनॅको येथील समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या अगदीं खालीं, भूमध्य समुद्रांत, या वाणाचा सुमारें एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. त्या वेळीं तो उपटून टाकणें हें एका मनुष्याचें एका दुपारचें काम होतें. कोणी तें केलें नाहीं. १९८९ पर्यंत तेथें हेक्टरभर कुरण झालें. नीसच्या विद्यापीठांतील आलेक्सांद्र मेनेझ या शास्त्रज्ञानें ओरड केली, तेव्हां हें शेवाळ मूळचें येथलेंच आहे कीं बाहेरून आलें, याचाच वाद वर्षानुवर्षें चालला. आणि वाद चालूं असतां कॉलर्पा फ्रान्स, इटली, स्पेन करीत हजारों हेक्टर समुद्रतळावर सरपटत गेली. तिच्या देहांत विषारी रस असल्यामुळें बहुतेक प्राणी तिला तोंड लावीत नाहींत, आणि नांगराला अडकून गेलेला बोटभर तुकडाहि दुसऱ्या बंदरांत मूळ धरतो. पुढें कित्येक ठिकाणीं ती आपोआप ओसरली, पण तें विसाव्या शतकानंतर.

याच्या उलट जें झालें तें आमच्या विद्यार्थ्याच्या घरापासून फार दूर नाहीं. सॅन डिएगोच्या उत्तरेस कार्ल्सबॅड येथें आग्वा हेडिओंडा नांवाची खाडी आहे. स्पॅनिश भाषेंत 'दुर्गंधी पाणी' असा त्याचा अर्थ. जून २००० मध्यें तेथें समुद्री गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांना एक अनोळखी हिरवा पुंजका दिसला. त्यांनीं तो 'शेवाळ' म्हणून सोडून दिला नाहीं. नमुना तज्ज्ञांकडे धाडला. नांव कळलें, कॉलर्पा टॅक्सिफोलिया; आणि आनुवंशिक तपासणींत ती भूमध्यांतल्या त्याच वाणाची ठरली. थोड्याच दिवसांत पुंजक्यांवर ताडपत्र्या अंथरून, कडा दाबून, त्यांखालीं क्लोरीन सोडण्यास प्रारंभ झाला. सहा वर्षें पाणबुडे तळ तपासत राहिले. २००६ सालीं ती समूळ नष्ट झाल्याचें जाहीर झालें. खर्च सत्तर लाख डॉलरांवर गेला. कोणाच्या तरी घरच्या टांकींतलें पाणी गटारांत ओतलें गेलें असावें, असा सर्वांचा तर्क आहे. २००१ सालीं तेथील कायद्यानें ही जाति व तिच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी कांहीं जाति बाळगणें, विकणें वा नेणें यास बंदी घातली.

म्हणून टांकी कोठेंहि असो, उपटलेलें शेवाळ, तें कोणतेंहि कां असेना, मोरींत, ओढ्यांत किंवा खाडींत टाकूं नये. पिशवींत बांधून दिवसभर बर्फाच्या कपाटांत गोठवावें आणि मग केराच्या बादलींत टाकावें. टांकींतून काढलेलें पाणी समुद्राच्या वा खाडीच्या काठीं नेऊन ओतूं नये. खडक विकत आणल्यावर टांकींत घालण्यापूर्वीं चांगल्या उजेडांत, भिंग हातीं घेऊन, उलटून पालटून पाहावा. सरपटणारा देठ दिसला तर तो खडक त्याच दिवशीं परत करावा. आणि तपकिरी थर दिसला तर पाणी बदलण्याआधीं पहाटे दिवे लागण्यापूर्वीं एकदां, व दुपारीं एकदां, त्याच जागेचें छायाचित्र घ्यावें.